कमी लोक वापरतात ती प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी का? दोन आठवड्यांत ठरवण्याची रीत

कुणीतरी एखाद्या भाषेचं भरभरून कौतुक करतं. तुम्ही तिचं पहिलं उदाहरण वाचता, मन हरखतं, आणि पाठोपाठ शंका येते: ही शिकून पुढे काय? ओळखीत कुणी वापरत नाही, नोकरीच्या जाहिरातींत नाव दिसत नाही, हाताशी असलेल्या भाषेतच अजून बरंच शिकायचं राहिलंय. मग महिनोन्‌महिने नुसतं वाचन होतं. ही भाषा बरी की ती, यावर इतरांनी घातलेले वाद आपण वाचत बसतो आणि निर्णय तिथेच राहतो.

मी या फेऱ्यातून तीनदा गेले आहे. प्रोलॉग शिकले, आज प्रोलॉग लिहीत नाही, पण तिने लावलेली सवय रोज उपयोगी पडते. एरलँग कामासाठी शिकले आणि ती कामाला आली. तिसरी भाषा चार महिने धरून ठेवली आणि मग सोडली. ती पंधरवड्यातच सुटायला हवी होती, कारण सगळी लक्षणं तेव्हाच दिसत होती. मी ती कुठे टिपून ठेवली नव्हती, इतकंच. तिचं नाव मुद्दाम घेत नाही. तेव्हापासून तिची अवजारं बदलली आहेत आणि माझा जुना अनुभव आजच्या शिकणाऱ्याच्या माथी मारणं योग्य नाही.

त्या चार महिन्यांनंतर मी ही रीत बसवली. एक गोष्ट आधीच सांगते: तुम्ही पहिलीच प्रोग्रॅमिंग भाषा शिकत असाल, तर हा लेख सध्या बाजूला ठेवा. एक भाषा अशी येऊ द्या की तिच्यात तीनचारशे ओळींचा प्रोग्रॅम कुणाला न विचारता लिहिता येईल. तुलना करायला हाताशी एक तरी माप लागतं.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- एक वही किंवा साधी टेक्स्ट फाइल. ही सगळ्यात महत्त्वाची.
- रोज एक तास, असे चौदा दिवस. सलग नसले तरी चालतील, पण तीन आठवड्यांच्या आत संपायला हवेत.
- लँग्वेज सर्व्हर (लिहितानाच चुका दाखवणारं साधन) चालवू शकणारा एडिटर. व्हीएस कोड, निओव्हिम, ईमॅक्स, कोणताही.
- गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन), आणि त्यात या प्रयोगासाठी एक वेगळं फोल्डर.
- खऱ्या डेटाची एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर): हजारेक ओळी, त्यात देवनागरी नावं, तारखा, आणि काही ओळी चुकीच्या किंवा अर्धवट.

१. कारण एका वाक्यात लिहून काढा

वहीच्या पहिल्या पानावर हे वाक्य पूर्ण करा: "मला ही भाषा शिकायची आहे, कारण…"

माझ्या पाहण्यात खरी कारणं तीनच असतात. एक, त्या भाषेत नोकरी हवी आहे. दोन, एक विशिष्ट काम समोर आहे आणि ते या भाषेत चांगलं होईल असं वाटतं. तीन, विचार करण्याची नवी पद्धत शिकायची आहे. तिन्ही कारणं चांगली आहेत, पण तिघांची परीक्षा वेगळी. नोकरीसाठी शिकणाऱ्याने कोण नेमतं ते बघायचं. कामासाठी शिकणाऱ्याने लायब्ररी आणि अवजारं बघायची. विचारासाठी शिकणाऱ्याला या दोन्हींशी फारसं देणंघेणं नाही. ती भाषा उद्या बंद पडली तरी त्याचं काही बिघडत नाही.

गोंधळ होतो तो कारणांची सरमिसळ झाल्यामुळे. हॅस्केल विचारासाठी घ्यायची ठरवायची आणि आठवड्याने "हिच्यात नोकऱ्याच नाहीत" म्हणून खट्टू व्हायचं, हे मी बऱ्याच जणांचं होताना पाहिलंय. वाक्यात दोन कारणं आली तर जे अधिक महत्त्वाचं त्याच्याखाली रेघ ओढा. पुढचं सगळं त्या रेघेवर अवलंबून आहे.

२. ती भाषा कमी लोकप्रिय का आहे, ते शोधा

"कमी लोकप्रिय" या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात.

काही भाषा एका कोपऱ्यात राज्य करतात. लुआ १९९३ साली ब्राझीलमधल्या एका विद्यापीठात तयार झाली. ती रेडिस या डेटाबेसमध्ये आहे, निओव्हिममध्ये आहे, रोब्लॉक्सवरचे खेळ तिच्याच एका रूपात लिहिले जातात, आणि विकिपीडियाच्या पानांमागची मॉड्यूल्ससुद्धा लुआतच आहेत. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत बसण्यासाठीच ती बनवली आहे. "संपूर्ण वेबसाइट लुआत का लिहीत नाहीत?" असं विचारून तिचं मोल ठरवता येत नाही.

काही भाषा जुन्या आणि मुरलेल्या आहेत. एरलँगवर एरिक्सनमध्ये १९८६ साली काम सुरू झालं, टेलिफोन एक्स्चेंज बंद न पडता चालावीत म्हणून. १९९८ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकलं गेलं तेव्हा त्याचे ४५ कोटी वापरकर्ते होते आणि इंजिनिअर अवघे ३२. सर्व्हरचं काम एरलँगवर चालत होतं. कोबोल आणि फोर्ट्रान तर १९५० च्या दशकातल्या. नव्या प्रकल्पासाठी त्या क्वचित निवडल्या जातात, पण बँकांची आणि शास्त्रीय गणिताची जुनी कामं त्यांच्यावर चालू आहेत.

काही भाषा अजून घडताहेत. झिग २०१६ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. हे लिहीपर्यंत तिला १.० हा क्रमांक मिळालेला नाही. याचा अर्थ सरळ आहे: आज लिहिलेला कोड पुढच्या आवृत्तीत चालेलच असं नाही. २०२३ च्या ०.११ आवृत्तीत असिंक फंक्शनांची (उत्तराची वाट बघताना इतर काम चालू ठेवणाऱ्या फंक्शनांची) आधी असलेली सोय नव्हती. ज्यांना भाषा घडताना बघायची आहे त्यांच्यासाठी हा सोन्यासारखा काळ आहे. ज्यांना वर्षभराने तोच प्रोग्रॅम न बदलता चालवायचा आहे, त्यांनी थांबावं.

आणि काही भाषांचं काम होऊन गेलेलं असतं. कॉफीस्क्रिप्ट २००९ मध्ये आली, २०११ मध्ये रेल्स या वेबसाइट बनवण्याच्या साधनसंचासोबत मिळू लागली, आणि २०१५ मध्ये जावास्क्रिप्टनेच तिच्यातल्या बऱ्याच सोयी आपल्याशा केल्या. तिची गरज उरली नाही, हे एका अर्थी तिचं यशच. पण आज नव्याने शिकायला ती घेऊ नका.

तुमची भाषा यांपैकी कुठे बसते ते वहीत लिहा. लोकप्रियतेच्या क्रमवारीवर मात्र फार विसंबू नका. टिओबीची यादी शोधयंत्रांवर भाषेच्या नावाने किती निकाल येतात यावर बेतलेली असते. रेडमंकची यादी गिटहब आणि स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या वावरावर. बँकेच्या आत बंद असलेला कोड दोन्हींत दिसत नाही. भाषा पाचव्या क्रमांकावर आहे की पंधराव्या, यातून काहीतरी कळतं. चाळिसाव्या आणि साठाव्या क्रमांकात काय फरक आहे, हे त्या यादीतून सांगता येत नाही.

३. तब्येत तपासा: एक संध्याकाळ पुरते

भाषेचा कंपायलर जिथे ठेवलेला असतो ती रिपॉझिटरी उघडा आणि एवढंच बघा:

- शेवटची आवृत्ती कधी आली, त्याआधीची कधी.
- गेल्या वर्षभरात कोड टाकणारी माणसं किती. एकच नाव सगळीकडे दिसत असेल तर नोंद करा.
- पैसा कुठून येतो: कंपनी, विद्यापीठ, फाउंडेशन, की देणग्या.
- आवृत्ती बदलताना जुना कोड किती मोडतो. बदलांच्या नोंदी वाचल्या की हे लगेच कळतं.
- तुम्हाला लागणाऱ्या तीन लायब्ररींची अवस्था. भाषा ठणठणीत आणि डेटाबेसची लायब्ररी चार वर्षं बेवारस, असं पुष्कळदा असतं.

एक इशारा. आवृत्ती आली नाही म्हणजे भाषा मेली, असा निष्कर्ष घाईने काढू नका. कॉमन लिस्पचं प्रमाणीकरण १९९४ मध्ये झालं आणि ते तसंच आहे. एसबीसीएलसारखे तिचे कंपायलर मात्र सुधारत राहतात. उलट वेबपानांसाठीच्या एल्मकडे बघा. तिची ०.१९.१ आवृत्ती ऑक्टोबर २०१९ ची, त्यानंतर वर्षानुवर्षं नवी आली नाही. आहे त्यात समाधानी असलेले लोक तिच्यावर आजही काम करतात. पण त्याआधी, २०१८ च्या ०.१९ मध्ये, थेट जावास्क्रिप्टला हात घालण्याची वाट बाहेरच्या लोकांसाठी बंद झाली आणि ज्यांचा कोड त्या वाटेवर उभा होता ते अडकले. भाषा चांगली असूनही तिचे निर्णय कोण घेतं आणि तुमची अडचण तिथे ऐकली जाईल का, हा प्रश्न उरतोच.

समुदायातली फूट हीसुद्धा तब्येतीची खूण. डी भाषेच्या सुरुवातीच्या काळात दोन वेगळ्या पायाभूत लायब्ररी होत्या, फोबोस आणि टँगो, आणि एकीसाठी लिहिलेला कोड दुसरीसोबत नीट नांदत नसे. आधीच लोक थोडे, त्यातही दोन गट. पर्लच्या सहाव्या आवृत्तीची घोषणा २००० मध्ये झाली, ती स्थिर रूपात आली २०१५ च्या डिसेंबरमध्ये, आणि २०१९ मध्ये तिचं नाव बदलून राकू ठेवावं लागलं, कारण ती वेगळीच भाषा झाली होती. मधल्या पंधरा वर्षांत पर्लच्या नवख्यांना कुठली आवृत्ती शिकायची हेच कळेना.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे जुनी टीका. "ओकॅमलला एकापेक्षा जास्त कोअर वापरता येत नाहीत" हे वाक्य तुम्हाला आजही वाचायला मिळेल. डिसेंबर २०२२ मध्ये ५.० आवृत्तीने ती अडचण दूर केली. ज्युलियात पहिला आलेख निघायला फार वेळ लागतो, ही तक्रारही २०२३ च्या १.९ आवृत्तीनंतर बरीच सौम्य झाली. टीका वाचताना आधी तारीख बघा.

४. प्रकल्प आधी ठरवा, भाषा नंतर उघडा

हा क्रम उलटा झाला की फसगत ठरलेली. भाषा आधी उघडली तर तुम्ही तिच्या पाठ्यक्रमातली उदाहरणं करत बसता, आणि ती उदाहरणं तिला जे उत्तम जमतं तेच दाखवायला निवडलेली असतात. फिबोनाची आणि क्विकसॉर्ट हॅस्केलमध्ये देखणे दिसतात. त्यातून तुमच्या कामाबद्दल काही कळत नाही.

माझा ठरलेला प्रकल्प असा आहे, हवा तर उचला. सीएसव्ही फाइल वाचायची. चुकीच्या ओळी बाजूला काढून त्यांचं कारण लिहायचं. तारखांवरून महिन्याप्रमाणे गट करायचे. निकाल एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठवायचा. एका एपीआयवरून (दुसऱ्या सेवेकडे प्रोग्रॅममधून माहिती मागण्याची सोय) थोडी पूरक माहिती आणायची. चारपाच चाचण्या लिहायच्या. आणि शेवटी हे सगळं दुसऱ्या यंत्रावर चालवून दाखवायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण फाइल, मजकूर, तारखा, चुका हाताळणं, बाहेरची लायब्ररी आणि वाटप, एवढ्या सगळ्यांशी गाठ पडते.

मजकुराची परीक्षा देवनागरीनेच घ्या. "क्षि" एवढंच लिहून त्याची लांबी विचारा. लुआचं साधं लांबीचं चिन्ह १२ सांगतं, कारण ते बाइट मोजतं: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असे चार घटक, प्रत्येकी तीन बाइट. पायथन ४ सांगते, ती घटक मोजते. एलिक्सर आणि स्विफ्ट डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजू बघतात; तिथेही जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियम युनिकोड या अक्षरसंकेताच्या २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या साधनात २ आणि नव्यात १ असं उत्तर मिळू शकतं. यातलं कोणतंच उत्तर चूक नाही. तुम्हाला बघायचंय ते हे, की भाषा काय मोजते ते स्पष्ट सांगते का, आणि हवं ते मोजण्याची सोय देते का. जी भाषा हा मजकूर उलटा करताना वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटवते आणि तुम्हाला दुसरा मार्गही देत नाही, तिच्यात मराठी मजकुराचं काम करणं रोजची डोकेदुखी होईल.

५. दोन आठवडे आणि तीन रकान्यांची वही

पहिले दोन दिवस फक्त मांडणीला द्या: कंपायलर, पॅकेज मॅनेजर, एडिटरमधली साथ, फॉरमॅटर, चाचण्या चालवण्याची आज्ञा. २०१६ मध्ये एडिटर आणि लँग्वेज सर्व्हर यांनी एकमेकांशी बोलण्याचा समान नियम आल्यापासून लहान भाषांनाही एडिटरमध्ये चांगली साथ मिळू लागली आहे, तेव्हा "छोटी भाषा म्हणून एवढं चालायचंच" असं म्हणून सूट देऊ नका. दोन दिवसांत एडिटरमध्ये एररच्या खाली लाल रेघ दिसत नसेल, तर ती मोठी नोंद आहे.

पुढचे तीनचार दिवस छोटे सराव. एक्सरसिझमवर सत्तरहून जास्त भाषांचे सराव फुकट मिळतात. रोझेटा कोडवर एकच काम अनेक भाषांत लिहिलेलं बघता येतं. उरलेले दिवस प्रकल्पाला.

आता वहीबद्दल. रोज, जिथे दहा मिनिटांहून जास्त अडाल, तिथे एक ओळ लिहा आणि ती तीनपैकी एका रकान्यात टाका:

- विचार अडला. भाषा वेगळ्या पद्धतीने विचार करायला सांगतेय आणि ते अजून जमत नाहीये.
- अवजार अडलं. बिल्ड होत नाही, एररचा अर्थ लागत नाही, आवृत्त्या जुळत नाहीत.
- सामान नाही. हवी ती लायब्ररी नाही, किंवा आहे पण अर्धवट.

किती मिनिटं गेली तेही शेजारी लिहा. आज चिडचिड झाली की मजा आली, हे लिहू नका. ते दुसऱ्या दिवशी बदलतं.

या दोन आठवड्यांत तीन गोष्टी हमखास घात करतात.

पहिली, जुन्या भाषेचीच वळणं नव्या भाषेत गिरवणं. ओकॅमलमध्ये सगळीकडे बदलती व्हेरिएबल आणि लूप लिहायचे, आणि मग म्हणायचं "यात विशेष काय?" पहिल्या आठवड्यात निदान दोन प्रोग्रॅम त्या भाषेच्या जाणत्यांनी लिहिलेले वाचा, आणि आपला कोड त्यांच्या शेजारी ठेवा.

दुसरी, एआय साहाय्यकावर सगळी भिस्त ठेवणं. ज्या भाषांत कोड मुबलक आहे तिथे त्यांची मदत चांगली होते. लहान भाषांत ते अस्तित्वात नसलेली फंक्शनं खात्रीने सुचवतात, दोन आवृत्त्यांची खिचडी करतात. एरलँग शोधताना एलिक्सरचं उत्तर माझ्या पदरात पडलंय. शिवाय तुमच्या वहीतला पहिला रकाना त्यामुळे रिकामा राहतो, आणि तोच तर भरायचा होता. चाचणीच्या काळात माझा नियम साधा आहे: आधी अधिकृत दस्तऐवज, मग लोकांना विचारणं, साहाय्यक शेवटी आणि फक्त एररचा अर्थ लावायला.

तिसरी, एडिटरची थीम आणि कळा जुळवण्यात चार संध्याकाळी घालवणं. काम झाल्यासारखं वाटतं आणि चौदातले चार दिवस संपतात.

६. वही वाचा

चौदाव्या दिवशी प्रत्येक रकान्याची बेरीज करा. या लेखातली माझ्या मते खरी कामाची गोष्ट ही: पहिल्या रकान्यातली मिनिटं ही कमाई आहे, बाकी दोन्हींतली किंमत. आपण अडलो की सगळंच सारखं त्रासदायक वाटतं, म्हणून हा फरक आतून कळत नाही. कागदावर दिसतो.

पहिला रकाना म्हणजे काय ते प्रोलॉगच्या उदाहरणाने दाखवते. प्रोलॉगमध्ये दोन याद्या जोडण्याचा एक नियम असतो, ॲपेंड. त्याला [१] आणि [२, ३] दिलं की [१, २, ३] मिळतं. इथवर काही नवल नाही. मग मी तोच नियम उलटा विचारला: जोडून [१, २, ३] होईल अशा दोन याद्या कोणत्या? प्रोलॉगने एकेक करून चार उत्तरं दिली. रिकामी यादी आणि [१, २, ३]. मग [१] आणि [२, ३]. मग [१, २] आणि [३]. शेवटी [१, २, ३] आणि रिकामी यादी. जोडण्यासाठी लिहिलेला नियम तोडतही होता, एक अक्षर न बदलता. मी पाऊण तास तिथे थांबले होते, कारण "फंक्शनला काहीतरी देतो आणि ते काहीतरी परत करतं" हे चित्र इथे लागूच पडत नव्हतं. तिथे फक्त एक नातं लिहिलेलं होतं, आणि कुठली बाजू माहीत आहे हे विचारणारा ठरवत होता.

तो पाऊण तास पहिल्या रकान्यातला. सहा महिन्यांनी कामावर कुणाला काय बघायची परवानगी आहे हे ठरवणारा कोड समोर आला, एकात एक अडकलेल्या अटींचा. तो मी पायथनमध्येच नियमांच्या तक्त्यासारखा पुन्हा लिहिला. मग "या माणसाला काय दिसेल?" आणि "हे कुणाकुणाला दिसेल?" हे दोन्ही प्रश्न त्याच तक्त्याला विचारता आले. प्रोलॉगची एक ओळही त्यात नव्हती.

लहान भाषांतल्या कल्पना मोठ्या भाषांत उशिरा पोचतात, हेही ध्यानात असू द्या. असिंक लिहिण्याची आजची पद्धत एफ शार्पमध्ये २००७ च्या सुमारास होती. सी शार्पमध्ये ती २०१२ ला आली, पायथनमध्ये २०१५ ला, जावास्क्रिप्टमध्ये २०१७ ला. पॅटर्न मॅचिंग (डेटाच्या आकारावरून पुढची वाट निवडणं) ओकॅमल आणि हॅस्केलच्या लोकांच्या हाडीमासी भिनलेलं; पायथनला ते २०२१ च्या ३.१० आवृत्तीत मिळालं. ज्याने ते आधी हाताळलं होतं त्याला नवं वाक्यलेखन पाठ करायचं होतं, बाकीच्यांना कल्पनाच नवी होती.

आता हिशोब. कारण विचाराचं असेल आणि पहिला रकाना सगळ्यात भरलेला असेल, तर आणखी दोन महिने द्या, दुसरा काही विचार करू नका. पहिला रकाना जवळजवळ रिकामा असेल, तर ती भाषा तुम्हाला आधीच येणाऱ्या भाषेची चुलत बहीण आहे. तिचा वापर कामासाठी करा, नवी दृष्टी मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. कारण कामाचं असेल तर तिसरा रकाना आधी वाचा. दोन आठवड्यांत दोन लायब्ररी स्वतः लिहाव्या लागल्या असतील, तर वर्षभरात किती लिहाव्या लागतील याचा अंदाज करा. आणि दुसरा रकाना दुसऱ्या आठवड्यातही पहिल्याइतकाच भरत असेल, तर कारण काहीही असो, थांबा. अवजारांची अडचण नवखेपणाची असेल तर ती ओसरायला हवी. माझ्या त्या तिसऱ्या भाषेत ती चार महिने ओसरली नाही.

७. नोकरीसाठी शिकत असाल तर

जाहिरातींची संख्या मोजू नका, नेमणाऱ्यांची यादी करा. लहान भाषेत जागा थोड्या असतात, पण उमेदवारही थोडे. दहा नावं सापडली आणि त्यातली तीन तुम्हाला चालण्यासारखी असली, तर गणित वाईट नाही. एकाच कंपनीचं नाव पुन्हापुन्हा येत असेल तर ती भाषा शिकणं म्हणजे त्या एका दारात उभं राहणं आहे, हे उघड्या डोळ्यांनी स्वीकारा.

आणि हे विचारून घ्या, की ते भाषा येणाऱ्यालाच घेतात की शिकवतात. जेन स्ट्रीट ही वित्तीय व्यवहार करणारी कंपनी ओकॅमल वापरते, पण अर्जदाराला ओकॅमल यायलाच हवी अशी त्यांची अट नाही. अशा ठिकाणी तुम्ही महिनाभर त्या भाषेत लिहिलेला एक पूर्ण झालेला प्रकल्प, तिच्या वाक्यरचनेच्या पाठांतरापेक्षा जास्त बोलतो.

८. टीमच्या कामात आणायची असेल तर

इथे माझी चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. एका जुन्या नोकरीत मी लॉग (प्रोग्रॅमने आपोआप ठेवलेल्या नोंदी) चाळणारं एक साधन एरलँगमध्ये लिहिलं. ते उत्तम चाललं, म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. मी आजारपणात तीन आठवडे घरी होते तेव्हा लॉगचा साचा बदलला आणि ते बंद पडलं. दुरुस्ती दोन ओळींची होती. पण टीममध्ये कुणाच्याही यंत्रावर एरलँग बसवलेली नव्हती, बिल्ड कसं करायचं हे फक्त माझ्या डोक्यात होतं. तीन आठवडे लोक हाताने लॉग वाचत बसले. परत आल्यावर ते साधन मी पायथनमध्ये लिहिलं, आणि ते योग्यच झालं.

तेव्हापासून तीन अटी पूर्ण झाल्याशिवाय मी नवी भाषा कामात आणत नाही. माझ्याखेरीज आणखी एका व्यक्तीने तिच्यात बदल करून तो प्रत्यक्ष चालू केलेला हवा. नुसतं "मी वाचू शकतो" पुरत नाही. कोऱ्या यंत्रावर एका आज्ञेत बिल्ड व्हायला हवं. आणि ते साधन नेहमीच्या भाषेत पुन्हा लिहायला लागलं तर एका आठवड्यात व्हावं, एवढंच लहान हवं. तिसरी अट वरिष्ठांना पटवायलाही उपयोगी पडते.

९. थांबायचं ठरलं तर

अर्ध्या तासाचं काम उरतं, ते टाळू नका. गिटमधल्या त्या फोल्डरमध्ये एक फाइल लिहा: भाषेची आणि कंपायलरची नेमकी आवृत्ती, बिल्डची आज्ञा, तीन रकान्यांच्या बेरजा, थांबण्याचं कारण, आणि काय बदललं तर पुन्हा बघाल ते. "कंटाळा आला" असं लिहू नका; "तारखांच्या लायब्ररीत टाइम झोन नाहीत, ०.८ आवृत्तीत यायचे आहेत" असं लिहा. मग वर्षभराने कुणी त्याच भाषेचं कौतुक तुमच्यापुढे केलं, की ती फाइल उघडायची, ते एक कारण अजून टिकून आहे का तेवढं तपासायचं, आणि नसेल तर त्याच सीएसव्ही फाइलपासून पुन्हा सुरुवात करायची.